एकेक काढून बघणारे तात्या

थांबलेला कॉम्प्युटर दाखवला की तात्या आधी त्याच्याकडे बघत नसत. चपला काढून उंबऱ्यात बसत आणि घरातल्या माणसांकडे एकेक करून बघत. मग सावकाश उठून डब्यावर तळहात ठेवत, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. म्हणत, "हे मेलं न्हाय. श्वास धरून बसलंय."

ते बारामतीहून मोपेडवर आमच्या माळेगावजवळच्या वस्तीवर दुरुस्तीला येत. आमचे हे घरी बसून लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देत. कॉम्प्युटर आमच्या लग्नाच्या हंगामातच घरात आला होता आणि मनात येईल तेव्हा थांबायचा. माउस कितीही हलवा, पडद्यावरचा बाण जागच्या जागी उभा. मग बटण दाबून धरायचं, बंद करून पुन्हा चालू करायचं. भरत आणलेला अर्ज गेलेला असायचा.

तात्यांची रीत एकच. "एकेक काढायचं. जे काढल्यावर चालतंय, तिथं दुखणं." आधी प्रिंटर काढला. मग आतली मेमरीची पट्टी काढून खोडरबरानं घासली. पंखा बदलला, वायर बदलली, दुसऱ्या खोलीतल्या प्लगला लावून बघितलं. दर वेळी एकच गोष्ट काढायची, मग चार दिवस वाट बघायची. घाई त्यांना चालत नसे. दोन गोष्टी एकदम काढल्या की त्याला खोटं बोलायला जागा मिळते, असं म्हणत. त्याला म्हणजे कुणाला, ते सांगत नसत.

त्यात माझी आई आजारी पडली म्हणून मी भिगवणला गेले. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी नव्हते तेवढे दिवस कॉम्प्युटर एकदाही थांबला नाही. परत आले, आत पाऊल टाकलं, आणि बाण उभा राहिला. सासूबाई बघतच होत्या. त्यांनी मला अंगणात जायला सांगितलं. यांनी बंद करून चालू केला, चालला. मला आत बोलावलं. थांबला.

सासूबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. भाकरी थापता थापता त्या हळूच पायगुण म्हणाल्या, आणि उठून माझी पिशवी दाराशी ठेवली. हे म्हणाले, तात्यांना एकदा दाखवू, मग हिला सोडून येतो. परत आणायचं कुणी बोललं नाही.

तात्या आले. सासूबाईंनी त्यांना त्यांचंच ऐकवलं. "तुमीच म्हणताय न्हवं, एकेक काढायचं? ही काढली की चालतंय."

तात्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मी मान वर केली नाही. मग म्हणाले, "आक्का, एकालाच काढून भागत न्हाय. तुमी बाहेर चला. दत्ता, तूबी. मीबी येतो." हेही उठले. जाताना तात्यांनी मला माउसवर हात ठेवायला सांगितलं. "हलवत ऱ्हा, पोरी."

दार लोटलं गेलं. मी चौथी शिकलेली, त्या यंत्राला कधी बोट लावलं नव्हतं. पंखा एका सुरात फिरत होता. घरात मी एकटी होते, पण एकटी असल्यासारखं वाटत नव्हतं. बाण माझ्या हाताबरोबर जात होता. मधूनच वाटे, हाताच्या थोडा आधीच जातोय. बाहेर उसाचा ट्रॅक्टर येऊन गेला, ऊन भिंतीवरून खाली उतरलं, तरी बाण थांबला नाही. शेवटी सासूबाईंना दम निघेना. त्यांनी दार ढकलून पाऊल आत टाकलं, आणि बाण उभा.

तात्या त्यांच्या मागे होते. ते हसले नाहीत. "आता कुणाची पिशवी भरायची, आक्का?" एवढंच विचारलं.

सासूबाईंनी माझी पिशवी उचलून आत नेली.

यांनी पुढे दुसरा कॉम्प्युटर घेतला, तो कधी थांबला नाही. जुना मागच्या खोलीत माझ्याकडे आला. मी घरात एकटी असले की तो चालतो, कुणी आलं की थांबतो. खरं काय आहे, असं मी तात्यांना एकदा धीर करून विचारलं. म्हणाले, "ठावं न्हाय. मला नुसतं काढाय येतं." त्यावर लिहायला त्यांनीच मला शिकवलं, तेही बाहेर अंगणात उभं राहून. कुठलं अक्षर कुठं, ते खिडकीतून सांगत.

तात्या गेल्या उन्हाळ्यात वारले. परवा दुपारी घरात कुणी नव्हतं, दाराला आतून कडी होती. मी हे त्यांच्याविषयी लिहीत होते, आणि बाण थांबला.

मागे वळून बघितलं नाही. म्हटलं, "बसा, तात्या. आता बाहेर कशाला उभं ऱ्हायचं?"

बटण दाबलं नाही. दिवेलागणीपर्यंत कॉम्प्युटर तसाच राहू दिला.