फॉर्मवर माझाच नंबर होता

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. जिच्याजवळ सगळ्यात आधी बोलायला हवं होतं, त्या सुनीताजवळ, माझ्या बायकोजवळ, तर नाहीच. तुमची माझी ओळख नाही, म्हणून कदाचित जमेल.

आठेक वर्षांपूर्वी गारखेड्यातल्या एका कॉम्प्युटर क्लासला आम्ही दोघं जायचो. मी वाळूजला एका कंपनीत मशीनवर होतो. शिफ्टच्या बसला विटलो होतो, म्हटलं प्रोग्रॅमिंग शिकू, ऑफिसात बसू. सुनीता घरी ब्लाऊज शिवायची. तिला मीच सोबत नेलं. कॉलेजच्या पोरांमध्ये मला एकट्यानं बसायची लाज वाटायची — दुसरं काही कारण नव्हतं.

‘क्लास’ आणि ‘ऑब्जेक्ट’ येईपर्यंत माझं बरं चाललं होतं. दोन्हींच्या व्याख्या तोंडपाठ होत्या. पण दोन्हींत फरक काय? मी नुसता मान डोलवायचो. एक दिवस सरांनी नेमकं मलाच उठवलं, आणि मी पाठ केलेल्या व्याख्याच पुन्हा म्हणू लागलो. तेव्हा शेजारून सुनीता बोलली.

“सर, क्लास म्हणजे आमचं कागदाचं कटिंग. ते काय अंगात घालता येत नाय. गळा, बाही, कंबर कुठं येणार तेवढंच त्यात असतं. त्याच्यावरून माप टाकून शिवला तो ब्लाऊज, ते ऑब्जेक्ट. एकीचा गळा वाढवला म्हणून दुसरीचा थोडाच वाढतो?”

सर म्हणाले, आता मी वेगळं काही सांगत नाही. सगळी पोरं वळून तिच्याकडं बघत होती. इतकं खूश मी तिला आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता ना? मी जळत होतो.

कोर्स संपल्यावर सरांचा फोन आला. माझ्या मोबाईलवर — कारण तिचाही फॉर्म मीच भरला होता, आणि आमच्याकडं बायकोच्या नावापुढं नवऱ्याचाच नंबर टाकतात. सर म्हणाले, नवीन बॅचला शिकवायला ताईंना पाठवा, रोज दुपारी दोन तास. माझ्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत.

मी म्हणालो, तिची इच्छा नाही.

फोन ठेवला. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली, कुणाचा फोन म्हणाली. आणि मी — किती सहज — म्हणालो, सरांचा. तुझा पाया कच्चा आहे म्हणाले, पुढचं झेपायचं नाही.

ती रडली असती तर कदाचित मी खरं बोललो असतो. कदाचित नसतोही. ती फक्त म्हणाली, “व्हय, मला बी वाटलंच होतं. त्या दिवशी उगं तुमच्या मधी बोलले मी.” वही तिनं ट्रंकेत ठेवली. पुन्हा काढली नाही.

आता मुलगी डिप्लोमाला आहे. गेल्या आठवड्यात क्लास-ऑब्जेक्टचा हाच धडा तिला कळेना, तर पुस्तक घेऊन आईकडं गेली. सुनीतानं पुस्तक हातातही घेतलं नाही.

“पप्पाला विचार, बाळा. मला लई शिकवायला बघितलं त्यांनी, पण माझं डोकंच नाय त्यातलं.”

मुलगी माझ्यासमोर येऊन बसली. मी शिकवायला लागलो. सुनीता दारात उभी राहून माझ्याकडं कौतुकानं बघत होती.