इस्माईलभाईचा कान

इस्माईलभाई रोज सकाळी मोटरला कान लावायचा. उंच इमारतींच्या काचा धुण्यासाठी गच्चीवरून जो लोखंडी पाळणा तारेच्या दोरांवर खाली सोडतात, त्याला आम्ही क्रेडल म्हणतो. त्याच्या दोन टोकांना दोन मोटरी असतात. दुबई मरीनातल्या चव्वेचाळीस मजली टॉवरची गच्ची, खाली बोटी काडेपेटीएवढ्या दिसताहेत, आणि हा माणूस हेल्मेट काढून, डोळे मिटून, मोटरच्या पत्र्याला कान चिकटवून बसलेला. मदतनीस मोटर वीतभर वर, वीतभर खाली चालवायचा. मग हा डोळे उघडून म्हणायचा, "गातेय. सोडा." किंवा, "आज घसा बसलाय हिचा. थांबा जरा."

तो टेक्निशियन, मी सुपरवायझर. तो रत्नागिरीकडचा, मी साताऱ्याचा. पिवळ्या जाकिटाच्या आत त्याचा काळा टी-शर्ट ठरलेला असे, आणि त्यावर झाडाची मुळं उपटून ठेवावीत तसं काहीतरी छापलेलं. ते बँडचं नाव आहे हे मला सहा महिन्यांनी कळलं. मी म्हटलं, "इस्माईलभाई, हे वाचता कुणाला येतं?" तो म्हणाला, "नाव सहज वाचता आलं तर समज, बँड अजून कच्चा आहे."

त्याचे मामा जहाजावर होते. त्यांनी कुठल्याशा बंदरातून आणलेली एक कॅसेट याने शाळेत असताना ऐकली आणि हा त्या हेवी मेटलच्या नादी लागला तो कायमचा. अल कुसैसला कंपनीचं स्टोअर आणि कामगारांच्या खोल्या होत्या; तिथून मरीनाला जाताना कंपनीच्या पिकअपमध्ये मी त्याच्या शेजारी बसायचो. पहिल्यांदा त्याने एक इयरफोन माझ्या कानात घातला तेव्हा मी खरंच दचकलो. विहिरीत पडलेला माणूस तळातून ओरडतोय असा तो आवाज होता. मी तो काढून टाकला. इस्माईलभाई हसला नाही. म्हणाला, "भीती वाटली ना? म्हणजे बरोबर ऐकलंस. बाकीची गाणी भीतीला बाहेर उभी ठेवतात. ही आत बोलावून चहा देतात."

सगळं मेटल एकच, असं कुणी म्हटलं की त्याला राग यायचा. "अरे, खानदान आहे ते. थ्रॅश म्हणजे घरातला भांडखोर थोरला. सगळं घाईत, सगळं तोंडावर. डूम म्हणजे तो काका, जो जेवतानासुद्धा सुस्कारे सोडतो. डेथ मेटल पोटातून बोलतो, त्याला घशाशी देणंघेणं नाही. ब्लॅक मेटल थंड मुलखातला, रेकॉर्डिंगसुद्धा मुद्दाम खराब करतो, कुणी जवळ येऊ नये म्हणून. आणि पॉवर मेटल हा घरचा जावई. घोड्यावर बसून येतो, तलवार हलवतो, सगळ्यांना खूश करून जातो." मी विचारलं, "मग तुझा कोण?" तो म्हणाला, "काका. डूम. हळू चालतो, पण प्रत्येक पाऊल ऐकू येतं."

कुसैसच्या खोलीत त्याच्या बरोबरचे लोक त्याच्यावर वैतागायचे. एकाने सांगितलं, "इस्माईल, हे शैतानी आहे, घरात नको." हा जुम्याला टी-शर्ट बदलून, अत्तर लावून नमाजला जाणारा माणूस. शांतपणे म्हणाला, "बाबा, शैतान असा बोंबलत येत नाही. तो हळू बोलतो, आणि साहेबासारखं गोड बोलतो."

महिन्यातून एकदा तो आमच्या घरी अजमानला जेवायला यायचा. माझी मुलगी तेव्हा बारा वर्षांची. तिला तो फार आवडे. मी एकदा जेवताना म्हणालो की हे लोक नुसते ओरडतात. ती मान वर न करता म्हणाली, "इट्स नॉट शाउटिंग, बाबा. इट्स टेक्नीक." इस्माईलभाईने तिच्या पानात स्वतःच्या वाटणीचा माशाचा तुकडा वाढला.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. सहा वर्षं मी हे कुणालाही सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

क्रेडल खाली सोडण्याआधी रोज एक तपासणीचा कागद भरायचा असतो. आधी टेक्निशियनची सही, मग सुपरवायझरची. आमच्याकडे तीन टॉवर आणि टेक्निशियन एकच. म्हणून आम्ही सोमवारी बसून पूर्ण आठवड्याच्या कागदांवर सह्या करून टाकायचो. सगळ्याच साइटवर हेच चालायचं. इस्माईलभाई मात्र दर सोमवारी कुरकुरायचा, "उद्याच्या आवाजावर आज सही कशी करू, शेडगे?" मी म्हणायचो, "कर रे, यल्ला, चल लवकर, साहेब फाइल मागतोय." आणि तो करायचा. माझ्यासाठी करायचा.

त्या गुरुवारी मदतनीस सुट्टीवर होता, मोटर मीच वर-खाली करत होतो. सकाळी इस्माईलभाई डाव्या मोटरपाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ बसला. उठला तेव्हा चेहरा उतरला होता.

"शेडगे, ही आज सोडू नको."

"काय झालं?"

"आत काहीतरी घासतंय. ब्रेकपाशी."

"मला तर काहीच ऐकू येत नाही."

"तुला नाहीच येणार."

मला घाई होती. शनिवारी टॉवर मालकाच्या ताब्यात द्यायचा होता आणि पश्चिमेची बाजू अजून बाकी होती. मी म्हणालो, "दिवसभर कानात राक्षस ओरडतात तुझ्या. तुला काय कळणार घासतंय की नाही?"

त्याला ते लागलं असावं, पण तो चिडला नाही. "त्यांच्यामुळेच कळतं. त्या गोंधळात दहा आवाज एकावर एक असतात. एक जरी सरकला तरी मला समजतं." त्याने खिशातून लाल टॅग काढला, 'चालवू नका' असं लिहिलेला, आणि मोटरच्या बटणाला तारेने बांधला. "स्टोअरमधून दुसरी मोटर घेऊन येतो. दोन तास. तोवर हात लावू नका."

तो लिफ्टमधून खाली गेला. मी गच्चीवर उभा राहिलो. काचा धुणारे दोघं सावलीत बसले होते. त्यातला टेकबहादूर नेपाळचा, हसतमुख. तो विचारत होता, "साब, शुरू करें?" त्यांना टॅग दिसत नव्हता, मोटर गच्चीच्या कठड्याच्या पलीकडे होती. साहेबाचा फोन आला नव्हता. कुणी मला काही म्हटलं नव्हतं. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे मी स्वतःला सांगत राहिलो की माझ्यावर दबाव होता. तसलं काही नव्हतं. फोन येईल याची मला भीती वाटत होती, एवढंच. अर्धा तास मी त्या न आलेल्या फोनला घाबरलो, आणि मग टॅगची तार सोडली, टॅग खिशात घातला आणि म्हणालो, "चलो, शुरू करो."

साडेदहाच्या सुमारास डाव्या मोटरचा ब्रेक सुटला. क्रेडलचं ते टोक दीड पुरुष खाली घसरलं, मग लॉकने धरलं. एक जण हार्नेसवर लटकला आणि वाचला. टेकबहादूर पाळण्याच्या लोखंडी कठड्यावर आपटला, त्याचं कमरेचं हाड मोडलं. मी वरून वाकून पाहिलं, तर तो तिरक्या पाळण्यात पडून वर माझ्याकडे बघत होता आणि ओरडतही नव्हता. ओरडला असता तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं.

चौकशी झाली दोन दिवसांनी. टेबलावर गुरुवारचा कागद होता आणि त्यावर इस्माईलभाईची सही होती. इस्माईलभाई म्हणाला की सही सोमवारची आहे, गुरुवारी सकाळी त्याने मोटर थांबवली होती, टॅग लावला होता.

साहेबाने माझ्याकडे वळून विचारलं, "शेडगे, टॅग देखा था?"

माझा व्हिसा, त्याच्यावर बायकोचा व्हिसा, त्याच्यावर मुलीचा. शाळा, घर. पोलीस केस झाली तर देश सोडता येत नाही असं मी ऐकलेलं. हे सगळं एका श्वासात डोक्यातून गेलं.

"नहीं देखा, सर."

आणि मग कुणी न विचारता मी पुढचं बोललो. "सर, उसके कान में हमेशा इयरफोन रहता है." हे अगदीच खोटं नव्हतं. पिकअपमध्ये, जेवणाच्या सुट्टीत असायचाच. मशीनजवळ तो इयरफोन कधीही घालत नसे, हे मी सांगितलं नाही. साहेबाने इस्माईलभाईच्या टी-शर्टकडे एकदा पाहिलं आणि मान डोलावली. तेवढ्याने खलास झालं. इतकी वर्षं तो ज्याच्यावर जीव टाकत होता, तेच मी त्याच्या गळ्यात अडकवलं.

इस्माईलभाईची नोकरी गेली, व्हिसा रद्द झाला. टेकबहादूर बरा होऊन लंगडत गावी गेला. इस्माईलभाई जायच्या आदल्या दुपारी अजमानला आला, मुलीसाठी खजूर घेऊन. बायको आत चहा टाकत होती. मी दारातच त्याला म्हणालो, "इस्माईलभाई, मी..." त्याने मला बोलू दिलं नाही. "वाऱ्याने उडाला असेल टॅग," तो म्हणाला. त्या दिवशी वारा नव्हता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मुलगी पुढे कितीतरी दिवस विचारत राहिली, अंकल का येत नाहीत. मी सांगितलं, ते गावाला सेटल झाले.

आज त्याच कंपनीत मी मॅनेजर आहे. गेल्या आठवड्यात शारजाच्या एका कंपनीचा ईमेल आला. इस्माईलभाईने त्यांच्याकडे अर्ज केला होता. बावन्न वर्षांचा माणूस, आणखी एकदाच संधी मिळेल न मिळेल. जुन्या नोकरीची खातरजमा करणारा फॉर्म होता आणि माहिती देणाऱ्याच्या जागी त्याने माझं नाव लिहिलं होतं. त्यात प्रश्न होता, नोकरी का गेली. उत्तराला चार ओळींची जागा.

ईमेलमध्ये त्याचा नंबर होता. मी फोन लावला. मागे रत्नागिरीकडच्या बर्फाच्या कारखान्याचा आवाज येत होता, तो तिथे मशीन दुरुस्त करतो.

"माझं नाव का दिलंस?" मी विचारलं.

"दुसऱ्या कुणाचं देऊ? टॅग बांधला तेव्हा तिथे आपण दोघंच होतो."

मी म्हणालो, "टॅग मी काढला होता."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "मला काय सांगतोस? फॉर्म कुणी पाठवलाय?" आणि मग विचारलं, "मुलगी कशी आहे?"

त्या संध्याकाळी मी बायकोला आणि मुलीला समोर बसवून सगळं सांगितलं. बायको म्हणाली, "आता पाठवलंत तर आपलं काय होईल?" मी म्हणालो, मला माहीत नाही. मुलगी उठून आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

चार ओळींत ते मावलं नाही. मी वेगळं पान जोडलं. इस्माईलभाईंनी मला थांबायला सांगितलं होतं, टॅग मी काढला, चौकशीत मी खोटं बोललो, त्यांच्याइतका सावध टेक्निशियन मी पाहिलेला नाही. खाली लिहिलं त्याच दिवसाची तारीख घातली आणि सही केली. एक प्रत शारजाला, एक आमच्या कंपनीला.

पाठवून चार दिवस झाले. दोन्हीकडून उत्तर नाही. दाराची बेल वाजली की पोलीस असतील असं वाटून मी आधी उठतो, त्या दोघींना उठू देत नाही.