ओले दोर आणि अकरा मात्रा

हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका माझ्याकडे लिंबाच्या लोणच्याचं प्रमाण विचारायला म्हणून येतात आणि बँडचा एखादा किस्सा ऐकून परत जातात. प्रमाण विचारायचं राहूनच जातं! ग्लासगोच्या आमच्या घरात हे किस्से इतके साठले आहेत की त्यांच्यापेक्षा गॅरेजमधले जुने खोके परवडले; ते निदान कौन्सिलची गाडी उचलून नेते. तेव्हा म्हटलं, एकदा नीट लिहून काढावं. मी जुनी मॅट्रिक आहे. अर्धवट काम मला चालत नाही.

*

बँड आयर्लंडचा. डोनल गातो आणि गिटार वाजवतो, शिवॉन ड्रम्स वाजवते, किअरन बेस गिटार. डॉनेगलच्या किनाऱ्यावरच्या एकाच खेड्यातून तिघं ग्लासगोला शिकायला आले. माझी नात मैथिली त्यांचा साउंड सांभाळते, म्हणून तालमी आमच्या गॅरेजमध्ये. माझा डॉक्टर मुलगा आपली गाडी पावसात उभी करतो.

पहिल्या दिवशी मी चहा घेऊन गेले, दारात दोन मिनिटं उभी राहिले आणि सांगितलं, "तुमची तिसरी तार उतरलेली आहे."

डोनल हसला. सूर तपासायचं मशीन लावून पाहिलं. मग हसायचा थांबला.

माझं माहेर मिरजेचं. तंबोरे जुळवताना ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो. त्यात माझं कौतुक काही नाही. पण तेव्हापासून तालमीआधी शिवॉन स्वयंपाकघरात डोकावते, "आजी, आज आम्हाला परवानगी आहे ना?"

*

मी गॅरेजमध्ये धुतलेली सतरंजी घातली होती. चपला-बूट बाहेर, हा आमच्या घरचा नियम. आयरिश माणसांना वेगळा कायदा नाही.

पुढे एक समीक्षक तालीम ऐकायला आला. त्याने लिहिलं, 'हा बँड अनवाणी वाजवतो. संगीताच्या बाजारू झगमगाटाविरुद्ध हे त्यांचं मूक बंड आहे.'

आता ते स्टेजवरही अनवाणीच असतात. नॉटिंगहॅमच्या कार्यक्रमात तर पुढच्या दोन रांगांनी बूट काढून ठेवले होते! मैथिली म्हणाली, "आजी, तू ट्रेंड स्टार्ट केलास." मी म्हटलं, "मी फक्त सतरंजी धुतली होती."

*

बँडचं नाव 'द वेट रोप्स', म्हणजे ओले दोर. असलं कसलं नाव, म्हणून मी डोनलला विचारलं.

त्याचे वडील शेवंडं, म्हणजे लॉबस्टर, धरतात. लहानशी होडी, यंत्र नाही. तळाशी टाकलेला पिंजरा हातांनी ओढून वर घ्यायचा. बरोब्बर अकरा ओढी. त्या चालू असताना कोणी तोंड उघडायचं नाही. अकराव्या ओढीला पिंजरा पाण्याबाहेर दिसला की वडील ओरडणार, "वर आलं!" त्यानंतर बोलायला मोकळीक.

"माझा हात आठव्या ओढीलाच सुटायचा," डोनल म्हणाला. "दर वेळी. मी गिटार घेऊन निघालो तेव्हा ते म्हणाले, ओला दोर ज्याच्या हातात टिकत नाही, त्याच्या हातात काय टिकणार?"

"मग?"

"मग काय आजी, बँडला नाव मिळालं!"

तो हसत होता. मी मात्र हसले नाही. प्रत्येक कार्यक्रमाला तो दारावर एक तिकीट ठेवायला सांगतो. पाकिटावर लिहिलेलं असतं 'स्किपर', म्हणजे होडीचा कप्तान. एवढ्या वर्षांत ते पाकीट एकदाही कोणी नेलं नव्हतं. ती सगळी पाकिटं गिटारच्या पेटीत असतात. शिवॉन त्याला चिडवते, पण त्या पेटीला हात लावत नाही.

*

त्यांच्या संगीताविषयी लिहायला हवं. डोनल गाणं सुरू करतो ते शेजारी बसून बोलल्यासारखं. मग बेस येतो, ड्रम्स येतात, गिटार चढत जाते आणि अखेरीस असा काही कल्लोळ होतो की माझ्या छातीत धडधडतं. पण त्यात एकही सूर ढिला नसतो, हे मी जबाबदारीने लिहिते आहे. आणि त्यांच्या सगळ्यांत गाजलेल्या गाण्यात, अगदी त्या कल्लोळाच्या शिखरावर, सगळं एकदम थांबतं. अकरा मात्रा. हॉलमध्ये श्वाससुद्धा ऐकू येतो.

मी ते पहिल्यांदा हॉलमध्ये ऐकलं तेव्हा आठव्या मात्रेला माझ्या तोंडून गेलं, "वा!"

मैफलीत वाढलेल्या माणसाला ते आवरत नाही. मागच्या रांगेतल्या एका गृहस्थाने मला "शूऽऽ" केलं! आणि नेमकं त्या दिवशी रेकॉर्डिंग चालू होतं.

घरी येताना मैथिली म्हणाली, "आजी, तू अल्बममध्ये आहेस."

*

रेकॉर्ड कंपनीच्या साहेबांना दोन्ही गोष्टी काढून टाकायच्या होत्या: माझा 'वा' आणि ती शांतता. इतका वेळ आवाज थांबला तर रेडिओ स्टेशनला वाटतं, आपलंच काहीतरी बिघडलं!

डोनल म्हणाला, "आजींचं काढायचं तर आजींना विचारा. शांतता मात्र निघणार नाही."

"चार मात्रा ठेवू," साहेब म्हणाले.

"चार ओढींत काहीच वर येत नाही," डोनल म्हणाला. साहेबांना ते कळलं नाही. गाणं रेडिओवर लागलं नाही ते नाहीच. लोकांनी एकमेकांना ऐकवलं आणि तेवढ्यावर ते डब्लिनपर्यंत पोचलं. आता तिथली तरणीताठी मुलंसुद्धा आठव्या मात्रेला "वा!" ओरडतात. मला ते पसंत नाही. दाद अशी ठरवून द्यायची नसते.

*

यंदा ग्लासगोच्या मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरला. मी शिवॉनकडून नंबर घेतला आणि डोनलला न सांगता त्याच्या वडिलांना फोन केला.

"मी बँडची आजी बोलते."

 ते म्हणाले, "माझे पिंजरे पाण्यात आहेत."

"एक दिवस राहतील. शेवंडं कुठे पळून जात नाहीत. पाकीट दारावर आहे."

त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, संपलं.

कार्यक्रमाच्या दिवशी दिवे मंद होता होता माझ्या शेजारी एक धिप्पाड गृहस्थ येऊन बसले. हातात टोपी, टोपीत ते पाकीट. मला म्हणाले, "तो आवाज काढणारी बाई तुम्हीच का? कधी ओरडायचं असतं इथे?"

"आवरेनासं झालं की," मी म्हटलं. "त्याआधी मुळीच नाही."

"मी माझ्या माणसांचं कौतुक करत नाही."

"मग गप्प बसा."

ते गाणं आलं. कल्लोळ चढला, चढला आणि थांबला. मी मागे वळून सबंध हॉलला ओठांवरचं बोट दाखवलं. कोणी ब्र काढला नाही. आठवी मात्रा तशीच गेली. डोनलला आमची रांग दिसली असावी. तो नुसता बघत उभा होता.

मी शेजारी पाहिलं. त्यांच्या मांडीवर दोन मुठी होत्या, एकीमागून एक, हवेतलं काहीतरी ओढत. टोपी खाली पडली होती. नऊ. दहा.

अकराव्या मात्रेला ते उठून उभे राहिले आणि एका होडीतून दुसऱ्या होडीला हाक मारावी तसे ओरडले, "वर आलं!"