दाजींनी स्पीड वाढवला

आपल्याला दुरुस्त करता येणार नाही अशी वस्तू देवाने अजून घडवलेली नाही, असं माझ्या साडूंचं ठाम मत होतं. आणि सोनईपासून नगरपर्यंत ते खोडून काढायची कुणाची प्राज्ञा नव्हती. रेडिओ, पाण्याची मोटार, लग्नातला लाउडस्पीकर असं करत करत नव्वदच्या दशकाच्या शेवटी ते कॉम्प्युटरपर्यंत येऊन पोचले. बायको त्यांना दाजी म्हणायची, म्हणून मीही दाजीच म्हणायचो. बंद पडलेलं मशीन सुरू करून आतून येणाऱ्या शिट्ट्या ते डोळे मिटून ऐकत, वैद्याने नाडी बघावी तसे. "एक लांब, दोन आखूड. डिस्प्लेचं कार्ड हाललंय," असं म्हणत, आणि बहुतेक वेळा तसंच निघे. मेमरीची पट्टी उपसून तिचे पिवळे दात ते शाळेतल्या खोडरबराने इतक्या मायेने घासत, की माझी मेहुणी म्हणे, "पोरांचे दात कधी घासले न्हाईत असे!" चूक मात्र त्यांची कधीच नसे. वायरमनची असे, उंदरांची असे, हवेची असे.

माझं नगरात दिल्ली दरवाज्याजवळ डीटीपीचं छोटं दुकान होतं. त्या वर्षी एका निवृत्त गुरुजींचं आत्मचरित्र माझ्याकडे टाइपाला आलं होतं. त्यांच्या आईने दुसऱ्यांच्या बांधावर खुरपून त्यांना शिकवलं होतं. आई आता अंथरुणाला खिळली होती आणि तिच्या हातात पुस्तक द्यायचं, एवढाच गुरुजींचा ध्यास होता. दोनशे पानं मशीनमध्ये होती. फ्लॉपीवर उतरवून घेतलेली जेमतेम चाळीस. बाकीची उतरवायची राहिली होती, तो दोष माझाच.

पानं प्रेसला जायच्या आदल्या दिवशी सकाळीच दाजी आले. मशीन फार रेंगाळतंय म्हणून मी सहज बोललो, एवढंच. त्यांनी रेक्झिनच्या पिशवीतून मेमरीची नवी पट्टी काढून जुन्या पट्टीशेजारी बसवली, आणि सेटिंगच्या निळ्या पडद्यात शिरून मेमरीच्या वेगाचा आकडा सहासष्टवरून शंभरावर नेला. "बगा आता पाव्हणं, कसं पळतंय."

पळायचं राहिलं, ते उठेचना. पडदा काळा आणि आतून एकसारखी लांब शिट्टी. दाजींनी पट्ट्या काढल्या, घासल्या, जागा बदलून बसवल्या. शिट्टी थांबेना. तेवढ्यात गुरुजीच दारात उभे राहिले, शेवटचं वाचन करायला.

आता दाजी विजेला शिव्या घालणार, असं मी धरून चाललो होतो. पण ते उठले, गुरुजींना खुर्ची दिली आणि म्हणाले, "गुरुजी, माज्या हातनं चूक झाली. चांगलं चालू हुतं, मी स्पीड वाढवाया गेलो. तुमचं पुस्तक आत हाय."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "पुस्तक आत आहे ना? मग काढू या. बसा, घाई करू नका."

दाजी बसले. पाच-दहा मिनिटं त्यांनी मशीनला हातच लावला नाही. मग नखाने आतला रुपयाएवढा सेल काढला. "ह्या सेलवर त्याला सेटिंग ध्यानात ऱ्हातंय. ईसरू द्या. मी शिकवलेलं ईसरलं म्हंजे आपल्या जुन्या चालीवर येईल. जुन्या पट्टीला शंभर झेपत न्हाई, गुरुजी. मी तिला नव्या पट्टीसंगं जुंपली आन् चाबूक वढला."

चहा आला, गार झाला. दाजींनी सेल परत बसवला, नवी पट्टी बाजूला ठेवली आणि बटण दाबलं. एकच आखूड शिट्टी. काळ्या पडद्यावर मेमरी मोजणारे पांढरे आकडे चढू लागले, आणि आम्ही तिघंही ते ओठांत मोजत होतो. मशीन उठलं. मी फाइल उघडली. दोनशेच्या दोनशे पानं जागच्या जागी होती.

मी आधी ती सगळी फ्लॉप्यांवर उतरवली. मग गुरुजींनी अर्पणपत्रिकेचं पान मागितलं आणि पडद्यावरचं आईचं नाव मोठ्याने वाचलं. दाजी खिडकीकडे तोंड करून पेचकस पुसत राहिले.

पुस्तक वेळेवर छापून झालं. माउलीला वाचता येत नव्हतं; गुरुजी सांगत, की ती दुपारभर ते नुसतं पोटावर धरून पडून होती. मी ते दाजींना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "आईचं नाव ठळक आलंय न्हवं?"

"आलंय," मी म्हणालो.