वादळ नव्हे, वारा

चोपड्याजवळच्या आमच्या गावात मी भूगोल शिकवते. समुद्रावर वाऱ्याचा वेग वाढत गेला की आधी कमी दाबाचं क्षेत्र, मग चक्रीवादळ, मग तीव्र, मग अतितीव्र. ताशी बासष्ट किलोमीटरच्या पुढे गेलं की आपल्याकडे त्याला नाव मिळतं. पॅसिफिकमध्ये फार जोरात आलं तर तो टायफून. मग बंदरं बंद, विमानं रद्द, जगभराचा माल अडकून पडतो. पोरं हे घडाघडा म्हणतात. पूर्वी मला कौतुक वाटायचं, आता त्या धड्याचं नाव काढलं तरी डोकं फिरतं.

गेल्या उन्हाळ्यात अरबी समुद्रातलं असंच एक नाव मिळालेलं वादळ आलं. आमच्याकडे येईस्तोवर बातम्यांत त्याचं 'कमी दाबाचं क्षेत्र' झालं होतं. आणि त्याच दुपारी गावातल्या केळीच्या बागा झोपल्या. शेजारच्या अक्कांचे यजमान मोटार बंद करायला मळ्यात गेले होते. बांधावरचा निंब त्यांच्या अंगावर कोसळला. जागच्या जागी गेले बिचारे.

त्याच संध्याकाळी पंचनाम्याला आलेला माणूस बाहेरचा. अक्कांनी सांगितलं, "वावधन ऊनं." त्याला शब्द कळेना. मी म्हटलं, अहो, वावधन म्हणजे वादळ, वादळ आलं म्हणतायत त्या. त्यानं मोबाईल पुढे केला. वादळ कालच संपलं, मॅडम, आज इथे तशी नोंदच नाही, म्हणाला. मी घसा कोरडा पडेस्तोवर भांडले. त्यानं शांतपणे लिहिलं, 'वाऱ्यामुळे मृत्यू'.

अक्का सगळ्या पडलेल्या बागेकडे बघत होत्या. "बठ्ठी केळी झोपनी, घरधनी गया, तरी वावधन नही म्हनतस?"

आता आमच्याकडे वारं म्हणजे काही नुसती हवा नाही. बाहेरचं वारं म्हणजे भूतबाधा. त्यातून मळ्यातला निंब, दुपारची वेळ. लोकांना तेवढंच हवं होतं. कागदाची बातमी गावभर झाली आणि जो तो म्हणायला लागला, बघा, सरकारनंच लिहून दिलं. ज्या बायका अक्कांच्या ओट्यावर तासन् तास बसायच्या, त्या लांबून जायला लागल्या. मेल्या, एकीलाही लाज वाटली नाही.

अक्कांच्या मुलीचा साखरपुडा झाला होता. चाळीसगावहून निरोप आला, मुलगी चांगली आहे, पण घरात वारं आहे, आम्हाला जमणार नाही. पोरीनं दोन दिवस अन्नाला हात लावला नाही.

मी एसटीनं चाळीसगावला गेले. मुलाच्या आईसमोर बसून सगळं समजावलं, वेग, दाब, वादळ कमजोर होतं म्हणजे काय होतं, आणि कमजोर झालेलंही झाड कसं पाडतं. बाई वाईट नव्हती, हेच जास्त लागलं. तिनं मन लावून ऐकलं, चहा दिला, माझा हात हातात घेतला.

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या," ती म्हणाली. "पण खरंच वादळ असतं, तर सरकारनं तसं लिहिलं नसतं का?"