आमच्या व्याह्यांचे शॉर्ट स्ट्रोक किट

आमच्या व्याह्यांइतका हौशी माणूस अख्ख्या टेक्सासात सापडायचा नाही. मूळचे नागपूरचे, नोकरीतून निवृत्त झालेले, आणि बायको वारल्यापासून फ्रिस्कोत आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एकटे राहतात. या वयात माणसं गुडघ्यांबद्दल बोलतात, हे काउबॉय नेमबाजी करतात. म्हणजे उंच बूट, जाकीट, मोठी हॅट असा जुन्या काळचा वेष करायचा आणि जुन्या तऱ्हेच्या बंदुकांनी लोखंडी पाट्यांवर नेम धरायचा. ज्याला वेळ कमी लागला तो जिंकला. तिथे प्रत्येकाला एक टोपणनाव घ्यावं लागतं. यांनी घेतलं 'नागपूर किड'. एकदा सामना लांबला म्हणून किड तसेच मंडळाच्या गणपतीला आले, आणि हॅट काखेत धरून सगळ्या आरत्या खड्या आवाजात म्हणाले. माझी मुलगी लाजून खांबाआड गेली. गुरुजींनी मात्र पहिला प्रसाद त्यांनाच दिला.

रविवारी दुपारी ते आमच्याकडे जेवतात. मी एरवीही कमी बोलते, आणि व्याह्यांसमोर तर आमच्याकडच्या बायका बोलतच नसत. त्यांना ते फार सोयीचं पडतं. जेवण झालं की ते टेबलावर जुनी चादर पसरतात, रायफल रिकामी आहे हे आधी मला दाखवतात, आणि मी मान हलवली की मगच पुढचं. सबंध हिवाळा एकच विषय चालला होता, शॉर्ट स्ट्रोक किटचा. या रायफलीला चापाभोवती एक मोठी कडी असते, तिला लिव्हर म्हणतात. प्रत्येक गोळीनंतर ती पुढे ढकलून मागे ओढायची, तेव्हा दुसरी गोळी आत येते. आतल्या पोलादी पट्ट्या बदलल्या की हाताला अंतर कमी कापावं लागतं आणि वेळ वाचतो. अशा पट्ट्यांचा संच म्हणजे किट. व्याह्यांनी एक मधला आणला होता आणि एक अगदी आखूड. एका रविवारी हा बसवायचे, दुसऱ्या रविवारी तो, आणि मला लिव्हर ओढायला लावायचे. "सांगा विहीणबाई, जोर कशात कमी लागतो?" मी बोटाने मधला दाखवायची. आखूडला अंतर थोडं, पण जोर फार; हापशीचा दांडा कापून अर्धा केला तर पाणी येईल, पण खांदा निखळेल, तसं. ते बघून न बघितल्यासारखं करायचे. "मधला म्हाताऱ्यांसाठी असतो," म्हणायचे आणि पुन्हा आखूडच बसवायचे.

या सगळ्याच्या मागे त्यांच्या उजव्या हाताची बोटं होती. संधिवात शिरला होता. आधीच्या सामन्यात लिव्हर अर्ध्यात राहिली, तेव्हा त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे जावई, म्हणाले की बाबा, इनफ, आता विकून टाका ती. बरीच हुज्जत झाली आणि शेवटी ठरलं की जानेवारीच्या सामन्यात हात थांबला तर रायफल विकायची. व्याही हो म्हणाले. जावई फोन घ्यायला बाहेर गेल्यावर मला हळूच म्हणाले, "काहून विकू हो? आठवडाभर मला कोणी नावानं बोलावत नाही. शनिवारी तिथं सगळे किड म्हणून हाका मारतात."

सामन्याला जावयांबरोबर मीही वरणभाताचा डबा घेऊन गेले. पहाटेपासून उत्तरेचा गार वारा सुटला होता. रायफलीत अर्थातच आखूड किट. पहिल्या फेरीचा इशारा झाला आणि सुरुवातीच्या गोळ्या अशा गेल्या की पाट्यांचा ठणठणाट एकात एक मिसळला. मग पाट्या गप्प झाल्या. लिव्हर पुढे जाईना, मागे येईना. व्याह्यांनी रायफल शिस्तीत खाली ठेवली आणि गाडीपाशी येऊन बसले. व्याह्यांनी बोटांवर ऊन फुंकर मारली, हात काखेत दाबला आणि ते एकदम हसायलाच लागले.

"चूक सापडली ना बाप्पा. सगळी परीक्षा मी जेवणानंतर घेतली. तुमचा गरम वरणभात कालवून उठायचो, मग बोटं चालणारच. डबा कुठे आहे?"

डबा गरम राहणारा होता. त्यांनी भात खाल्ला कमी आणि कालवला जास्त. कमरेला दोन पिस्तुलं लावलेला एक दाढीवाला गोरा शेजारी उभा राहून नीट बघत होता, त्यालाही मूठभर दिला. पुढच्या प्रत्येक फेरीआधी किडने चार घास कालवले आणि दर वेळी रायफलीच्या वाट्याच्या दहाही पाट्या वाजवल्या. वेळ इतका लागला की नंबर शेवटून पहिला आला. जावई म्हणाले की पहिल्या फेरीत हात थांबलाच होता. "तो उपाशी होता, तो धरायचा नाही," व्याही म्हणाले. जावयांना हसू आलं. "ओके बाबा. बट मधला किट बसवायचा."

"बसवतो. म्हातारा तर म्हातारा."

परत येताना ते पुढच्या सीटवर होते. पुढच्या वर्षी काय काय करायचं ते एकसारखे सांगत होते, जावई हं हं करत होते आणि गाडी नेहमीपेक्षा हळू चालवत होते. मागे बसून मला व्याह्यांचा उजवा हात दिसत होता. तो मांडीवर उताणा ठेवून डाव्या हाताने ते एकेक बोट उघडत होते. घर आलं तरी करंगळी मिटलेलीच होती. त्यांनी डाव्या हाताने दार उघडलं, उतरले, हॅट सरळ केली आणि खिडकीशी वाकून मला विचारलं,

"पुढच्या शनिवारी याल ना?"

मी म्हटलं, "येईन."