गोरा साहेब, काळा चोर

पोलिसांचा सिनेमा माझ्या बायकोच्या मामांइतक्या तिरस्काराने बघणारा माणूस शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत शोधून सापडणार नाही. मामा पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि आता टोकावड्याला घरची भातशेती बघतात. असा माणूस असले सिनेमे टाळत असेल असं कुणालाही वाटेल, पण मामा ते हुडकून हुडकून बघतात, नीट शिव्या देता याव्यात म्हणून. पडद्यावर जीपमधून इन्स्पेक्टर उतरला की मामा मांडी बदलून सरसावतात. "आला गोरा साहेब! शर्ट बघा कसा चिकटलाय, जावई. खाली वाकला तर बटणं उडतील." मग त्यांची नजर कोपऱ्यात जाते. "तो काळा बघा. अजून तोंड उघडला नाय, पण मार त्यालाच पडनार." आणि मार त्यालाच पडतो. सिनेमावाल्यांना पंचनामा नको, साक्षीदार नको, कोर्ट तर नकोच. कातडीवरूनच गुन्हा शाबीत, असं मामांचं म्हणणं. गोऱ्या साहेबाने काळ्या माणसाला कोठडीत तुडवलं की लोक टाळ्या वाजवतात, याचा तर त्यांना मनस्वी संताप. एकदा कल्याणच्या थेटरात पुढे बसून टाळ्या पिटणाऱ्या गृहस्थाच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी अगदी मायेने विचारलं, "तुमाला मारलाय का हो कधी कोनी?" गृहस्थ उठून दुसरीकडे जाऊन बसले. तेव्हापासून मामी त्यांच्याबरोबर सिनेमाला जात नाहीत.

गेल्या थंडीत माळशेजच्या रस्त्यावर एका ढाब्याजवळ शूटिंगवाले उतरले. गर्दीतली कामं करायला माणसं हवी होती. "यांची अक्कल जवळून बघू," म्हणत मामा मलाही घेऊन गेले. मिशीला तेल, पायात चकचकीत बूट. हवालदाराचं काम आपल्यालाच मिळणार याची त्यांना खात्री होती. माणसं निवडणाऱ्या पोराने रांगेवरून नजर फिरवली, उजळ चेहऱ्याच्या तिघांना खाकी कपडे दिले आणि तव्यासारख्या रंगाच्या आमच्या मामांना म्हणाला, "अंकल, आप चोर में."

"अरे, मी आख्खा जन्म खाकीत काढला!"

"पुलिस का लुक नहीं है आपका."

मला वाटलं, आता मामा याचा कान पिळणार. पण आपलं म्हणणं इतक्या झटपट खरं ठरलेलं पाहून ते पोट धरून हसले आणि चोर व्हायला तयार झाले. अंगात फाटकी बनियन, तोंडाला तेल आणि कोळशाची पूड. त्यांच्या शेजारी असाच काळवंडलेला बाळू होता, जवळच्या कातकरी वाडीतला. छत्रीच्या सावलीतून आलेला हिरो एकेका चोराला थोबाडीत मारत मामांपर्यंत पोचला, तेव्हा मामांनी त्याचा हात वरच्या वर धरला. "कुठल्या गुन्ह्यात, साहेब?" कट! दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या वेळी मामांना मागच्या रांगेत नेऊन उभं केलं. मामा धन्य झाले.

जेवणाच्या सुट्टीत हिरोचा मोबाइल सापडेना. बंदोबस्ताला आलेला खराखुरा, तरुण शिपाई कुणालाही काही न विचारता थेट त्या दोन फाटक्या बनियनींकडे गेला आणि मानगूट धरून त्याने दोघांना ढाब्यामागे मातीत बसवलं. मामांच्या कपड्यांची पिशवी माझ्याकडे होती, त्यात त्यांचं खात्याचं ओळखपत्र. मी धावत गेलो. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की हातात काढलेलं कार्ड मी परत पिशवीत टाकलं. शिपायाने बाळूवर हात उगारला. मामा मध्ये सरकले आणि चपराक त्यांच्या कानाखाली बसली. तिचा आवाज सिनेमातल्यासारखा मुळीच नव्हता. थोड्या वेळाने मोबाइल हिरोच्याच गाडीत सीटखाली मिळाला. शिपाई "जा रे" एवढंच म्हणाला आणि जेवायला गेला.

बाळूला वाडीवर पोचवायला आम्ही निघालो. तो पुढे चालत होता. मी चिडून मामांना विचारलं, "कार्ड माझ्या हातात होतं. दाखवू का नाही दिलंत?"

"दाखवला असता तर मी सुटलो असतो. तो?"

बरंच अंतर चालल्यावर मामाच हळू आवाजात म्हणाले, "मीबी असेच उचलून आनलेत, जावई. वाडीवरचे. त्यांच्यासाठी कोन मधी आला नाय."

वाडीवर बाळूच्या बायकोने बसायला गोणपाट अंथरलं. मामांच्या कोळसा फासलेल्या तोंडाकडे बघत तिने नवऱ्याला विचारलं, "कोन हाय ह्यो?"

"माझ्यासंगं धरलेला," बाळू म्हणाला.

मामांनी ती ओळख दुरुस्त केली नाही. तिने पुढे केलेला कोरा चहा दोन्ही हातांनी घेतला आणि मान खाली घालून ते सावकाश पिऊ लागले.